कल्पित पात्रांच्या नोंदींतील क्रियापदाचा काळ

संस्कृत व मराठी वाङ्मयांतील कल्पित पात्रांचा एक कोश सिद्ध करण्याचें काम कांहीं उत्साही तरुण मंडळींनीं हातीं घेतलें असून त्यांतील निवडक दीडशें टांचणें गेल्या पावसाळ्यांत आमच्याकडे अवलोकनार्थ आलीं. टांचणांचें अक्षर स्वच्छ, आधार बहुधा मूळ ग्रंथांतून घेतलेले, आणि मजकूर आटोपशीर. इतकें सर्व चांगलें असतांही पहिलींच पांच-सहा टांचणें वाचून आम्ही थबकलों. 'चारुदत्त' या शब्दाखालीं असें लिहिलें होतें कीं, हा उज्जयिनींत राहणारा एक उदार ब्राह्मण सार्थवाह होता. दानधर्मामुळें त्यास दारिद्र्य आलें. पालक राजाच्या मेव्हण्यानें त्याजवर खुनाचा आळ घेतला व त्यास वधाची शिक्षा झाली. परंतु वसंतसेना जिवंत असल्याचें उघड झाल्यामुळें तो वांचला. शेवटीं बारीक अक्षरांत 'मृच्छकटिक' एवढाच आधार. हें टांचण उचलून एखाद्या ऐतिहासिक चरित्रकोशांत नेऊन ठेवलें तर कोणासही तें तेथें उपरें वाटणार नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, तें उपरें वाटलें पाहिजे. आणि तें न वाटण्याचें कारण त्यांतील माहिती नसून क्रियापदें आहेत.

संपादकांस आम्हीं हें कळविलें. त्यांचें उत्तर आलें तें टाकाऊ नव्हतें. मराठींत गोष्ट सांगावयाची ती भूतकाळांतच, 'एक राजा होता' हीच आपली रीत, कीर्तनकार व पुराणिक याच रीतीनें आख्यान लावतात, आणि चित्रावशास्त्र्यांच्या १९३२ च्या प्राचीन चरित्रकोशासारख्या मान्य ग्रंथांतही पुराणांतील व्यक्ति भूतकाळांतच वर्णिल्या आहेत; मग चारुदत्तानेंच काय पाप केलें? या उत्तरांत दोन निरनिराळ्या गोष्टींची गल्लत झाली आहे. गोष्ट सांगणें वेगळें व गोष्टीविषयीं माहिती देणें वेगळें. आजी नातवाला राजाची गोष्ट सांगते तेव्हां राजा 'होता' हें बरोबर. कारण त्या वेळेपुरता तो राजा खरा आहे असा त्या दोघांमध्यें करार असतो. कोशकार व वाचक यांच्यामध्यें असा करार नसतो. कोशांत जें लिहिलें तें जगाविषयीं विधान म्हणून वाचलें जातें. राहिले चित्रावशास्त्री. त्यांच्या कोशांतील व्यक्ति होऊन गेल्या अशी परंपरेची श्रद्धा आहे व ती परंपराच ते नोंदवीत आहेत. चारुदत्त उज्जयिनींत खरोखर होऊन गेला असा दावा करणारी परंपरा आमच्या पाहण्यांत नाहीं.

या प्रश्नाचा खल आपल्याकडे कोणीं केलाच नाहीं असें समजण्याचें मात्र कारण नाहीं. तो पतंजलीनें केला आहे. आणि तोही अशा ठिकाणीं कीं जेथें तो सांपडेल असें सहसा कोणाच्या मनांत येणार नाहीं. अष्टाध्यायीच्या तिसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादांत प्रयोजक क्रियापदांसंबंधीं २६ वें सूत्र आहे. त्यावरील भाष्यांत अशी शंका निघते कीं, कोणी 'कंसाला मारवितो', 'बलीला बांधवितो' असें लोक वर्तमानकाळीं बोलतात तें कसें जुळतें? कंस मरून व बली बांधला जाऊन किती काळ लोटला! यावर भाष्यकाराचें उत्तर तीन पायऱ्यांनीं जातें. पहिले शौभिक (कोणी हा शब्द शोभनिक असा वाचतात) म्हणजे प्रत्यक्ष करून दाखविणारे. त्यांच्या बाबतींत अडचणच नाहीं, कारण कंसवध लोकांच्या डोळ्यांसमोर घडतो. दुसरीं चित्रें, त्यांत उगारलेले व बसलेले प्रहार दिसतात. तिसरे ग्रंथिक, म्हणजे जेथें दिसावयास कांहीं नाहीं, नुसते शब्द आहेत, असे कथाकार. ते काय करतात? तर त्या व्यक्तींच्या जन्मापासून नाशापर्यंतच्या घडामोडी सांगून, बुद्धीचा विषय म्हणून विद्यमान असलेल्या त्या व्यक्ति ऐकणारांपुढें प्रकट करतात. आणि त्या विद्यमान आहेत यास पुरावा कोणता? तर ऐकणारांत पक्ष पडतात. कोणी कंसाचे, कोणी वासुदेवाचे. कोणाचीं तोंडें लाल होतात, कोणाचीं काळीं.

शौभिक हे नट होते कीं मूकाभिनय करणारे होते यावर युरोपीय पंडितांनीं बराच वाद घातला आहे. आम्हांस येथें त्याच्याशीं कर्तव्य नाहीं. आमचें लक्ष तिसऱ्या पायरीवर आहे, कारण कोशकार हा ग्रंथिकाचाच दूरचा भाऊबंद होय. ग्रंथांत वर्णिलेली व्यक्ति ज्या अर्थानें 'आहे', त्याच अर्थानें तिच्याविषयीं वर्तमानकाळ वापरावयाचा. ती मथुरेंत नाहीं, उज्जयिनींत नाहीं. ग्रंथांत आहे व वाचणाराच्या बुद्धींत आहे. तेथें ती आज जितकी आहे तितकीच उद्यां राहील.

याच भाष्यांत पुढें, दुसऱ्या पादांतील १११ व्या सूत्रावर, तीच कंसवधाची गोष्ट पुन्हा उदाहरणास येते. प्रसंग असा. जी गोष्ट वक्त्याच्या डोळ्यांआड घडली, परंतु लोकप्रसिद्ध आहे व वक्त्यास पाहतां येण्याजोगी होती, तिच्याबद्दल लिट् न वापरतां लङ् वापरावा असें वार्तिक आहे. उदाहरणें म्हणून यवनानें साकेतास व माध्यमिकेस वेढा घातला हीं दोन वाक्यें पतंजलि देतो. आणि वक्त्यास पाहतां येण्याजोगी ही अट कशाला, असें विचारून उत्तरादाखल वासुदेवानें कंसास मारल्याचें वाक्य देतो; त्यांत मात्र लिट् आहे व जोडीस 'किल' आहे. म्हणजे ज्या कंसवधाला एके ठिकाणीं लट् चालतो त्यालाच दुसऱ्या ठिकाणीं लिट् लागतो. यांत विसंगति नाहीं. रंगावर, चित्रांत किंवा कथेंत चाललेला कंसवध वर्तमान आहे. पूर्वीं एकदां घडून गेलेली हकीकत म्हणून सांगितलेला कंसवध परोक्ष भूत आहे, आणि सांगणाऱ्यानें तो पाहिलेला नाहीं हें त्याचें क्रियापदच कबूल करतें.

इतिहाससंशोधकांस हें प्रकरण अपरिचित नसावें. साकेत व माध्यमिका यांचीं तीं दोन वाक्यें हातीं घेऊनच गोल्डस्टुकरनें १८६१ मध्यें व रामकृष्णपंत भांडारकरांनीं १८७२ मध्यें पतंजलीच्या काळाची चर्चा केली, आणि ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकाच्या मध्यावर त्यास आणून बसविण्यांत त्या लङ्‌चा मोठा वांटा आहे. एका लकारावरून शतक ठरलें! ज्या शास्त्रांत क्रियापदाच्या काळाला इतकें मोल आहे, त्या शास्त्राच्या अभ्यासकांनीं चारुदत्ताला 'होता' म्हणून मोकळें व्हावें हें आम्हांस रुचत नाहीं.

मराठींत लिट् असता तर आमची तक्रार पुष्कळ सौम्य झाली असती. लुङ्, लङ् व लिट् या तिघांचा संसार आपल्या एकट्या 'ला-ली-लें'ने उचलला आहे. त्यामुळें काल डोळ्यांनीं पाहिलेलें, आजोबांनीं सांगितलेलें व कवीनें रचलेलें हे तीनही प्रकार मराठींत एकाच वेषानें फिरतात. 'म्हणे' हा शब्द 'किल'चें काम करूं शकतो, परंतु त्यांत अविश्वासाची छटा आहे व ती कोशांत शोभत नाहीं. तेव्हां मराठी कोशकाराच्या हातीं भेद दाखविण्यास वर्तमानकाळ हेंच साधन उरतें.

त्यांत आणखी एक लाभ आहे. सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळीं मराठींत कर्ता तृतीयेंत जातो व क्रियापद कर्माच्या मागें धांवतें. 'शकारानें वसंतसेनेचा गळा आवळला' या वाक्यांत क्रियापद गळ्याशीं बांधलेलें आहे. 'शकार वसंतसेनेचा गळा आवळतो' यांत तें शकाराशीं आहे. व्यक्तींच्या कोशांत व्यक्ति प्रथमेंत असावी हें आम्हांस अधिक सरळ वाटतें. उलट, वर्तमानाची एक अडचणही कबूल केली पाहिजे. 'शकार वसंतसेनेच्या मागें लागतो' हें एकदांचें कीं नेहमींचें, हें रूपावरून कळत नाहीं. अशा जागीं 'पहिल्या अंकांत', 'एकदां', 'वारंवार' असा शब्द घालावा लागेल. अंकाचा निर्देश आला तर वाचकाचा फायदाच आहे.

आदरार्थी बहुवचनाचा प्रश्न संपादकांनीं विचारला होता: चाणक्य 'लिहवितो' कीं 'लिहवितात'? नाटकांतील चाणक्य लिहवितो. मौर्यांच्या इतिहासावरील लेखांत कोणास बहुवचन द्यावयाचें असल्यास आमची हरकत नाहीं.

सर्वच मजकूर वर्तमानांत लोटावा असा आमचा अर्थ कोणी करूं नये. ग्रंथ जेथें उघडतो त्याच्या आधींचें जें आहे तें भूतच. मृच्छकटिकाचा पडदा उघडतो तेव्हां चारुदत्ताचें वैभव गेलेलें आहे. म्हणून 'चारुदत्त पूर्वीं संपन्न होता. नाटकारंभीं तो दरिद्री आहे' असें लिहावें. ग्रंथकाराच्या कृतीही भूतकाळांत: विशाखदत्तानें नाटक रचलें, हरिभाऊंनीं कादंबरी १८९० पासून 'करमणुकी'त छापण्यास आरंभ केला. पण त्याच 'पण लक्षांत कोण घेतो?' मधील यमू आपली हकीकत सांगते. तिनें ती भूतकाळांत सांगितली म्हणून कोशकारानेंही तिच्यामागून जाण्याचें कारण नाहीं. रघुनाथराव मरण पावतात, तिचें केशवपन होतें. तिचा भूतकाळ तिचा आहे, आपला नव्हे.

या दृष्टीनें मृच्छकटिकाच्या प्रस्तावनेसारखी शिकवण दुसरी नाहीं. तेथें कवि शूद्रक शंभर वर्षें व दहा दिवस जगून अग्निप्रवेश करता झाला असें सांगितलें आहे, व त्याच्याविषयींचीं मुख्य क्रियापदें लिट्‌मध्यें आहेत. आपला मृत्यु कवि स्वतः कसा सांगेल, म्हणून तो भाग दुसऱ्या कोणाचा असावा असा तर्क विद्वान् करीत आले आहेत. आणि त्या तर्काला लिट् व 'किल' यांचा टेकू आहे. पण त्याच प्रस्तावनेंत चारुदत्त व वसंतसेना यांची ओळख करून देणारा श्लोक पाहावा. त्यांत क्रियापदच नाहीं! अवंतिपुरींतील तरुण, दरिद्री सार्थवाह, त्याच्या गुणांवर लुब्ध झालेली गणिका, संपलें. लगेच पुढें शूद्रकानें हें सर्व रचल्याचें सांगतांना पुन्हा लिट् येतो. हा श्लोक ज्यानें कोणीं लिहिला त्यास कर्त्याचा काळ व पात्राचा काळ यांतील अंतर ठाऊक होतें असें म्हणण्यास आम्ही कचरत नाहीं. संपादकांस आमची सूचना अशी कीं, प्रत्येक नोंदीचें पहिलें वाक्य याच धर्तीवर क्रियापदावांचून लिहावें. 'चारुदत्त: मृच्छकटिकांतील नायक, उज्जयिनींतील ब्राह्मण सार्थवाह.' यांत 'आहे' व 'होता' यांचा तंटा उपस्थितच होत नाहीं.

कादंबरीच्या नोंदींनीं आम्हांस सर्वांत अधिक वेळ खाल्ला. मराठीनें ज्या पुस्तकाच्या नांवावरून सबंध वाङ्मयप्रकाराचें नांव घेतलें, त्याच पुस्तकांतील पात्रांना काळांत बसविणें सर्वांत कठीण आहे. विदिशेच्या शूद्रक राजापुढें (हा शूद्रक निराळा) चांडालकन्या पोपट आणते; पोपट आपली कथा सांगतो; त्या कथेंत जाबालि ऋषि कथा सांगतात; त्या कथेंत चंद्रापीडाला महाश्वेता आपली कथा सांगते. शेवटीं कळतें कीं, चंद्रापीड व शूद्रक हे चंद्राचेच जन्म, आणि पोपट म्हणजे पुंडरीक व वैशंपायन यांचा पुढचा जन्म. जाबालि बोलत असतां चंद्रापीडाचा देह निष्प्राण, परंतु अविकृत, कादंबरीच्या राखणीखालीं आहे. आणि शूद्रक इकडे राज्य करीत आहे. टांचणकर्त्यानें चंद्रापीडाची नोंद 'मेला', 'जन्मला', 'पुन्हा जिवंत झाला' अशा भूतकाळीं क्रियापदांनीं भरली आहे. ती वाचून कोण कोणाच्या आधीं हें आम्हांसही उमजेना, आणि आम्हीं हें पुस्तक वीस वर्षें शिकविलें आहे. आमच्या मतें येथें नोंदीचे दोन परिच्छेद करावे. पहिल्यांत पुस्तकाच्या क्रमानें, शुद्ध वर्तमानांत, पात्र कोठें येतें व काय करतें तें सांगावें. दुसऱ्यांत घटनांचा क्रम लावावा, व तेथें शूद्रकाची सभा हा 'आज' धरून तत्पूर्वींचें भूतांत लिहावें. उत्तरार्ध बाणाच्या पुत्राचा आहे हें दोहोंतही सांगितलें पाहिजे, कारण जन्मांचा सर्व उलगडा त्या भागांत होतो.

आतां ज्या पात्रांचा एक पाय इतिहासांत आहे त्यांचेविषयीं. येथें चूक झाली तर ती केवळ भाषेची राहात नाहीं. टांचणांत 'चंद्रगुप्त (मुद्राराक्षस)' या नोंदींत कौमुदीमहोत्सवावरून राजाचें व चाणक्याचें भांडण झालें असें लिहिलें आहे. हें भांडण नाटकांतसुद्धां खोटें आहे. राक्षसाला फसविण्यासाठीं दोघांनीं रचलेलें तें सोंग आहे. सोंगाचा भूतकाळ झाला कीं तो मौर्य इतिहासांतील एक घटना होऊन बसतो.

याचा विपरीत मासला रामगुप्ताचा आहे. विशाखदत्ताचें 'देवीचंद्रगुप्त' हें नाटक आज समग्र उपलब्ध नाहीं; नाट्यदर्पण, शृंगारप्रकाश अशा ग्रंथांतील उताऱ्यांवरून तें कळतें. त्यांत रामगुप्त आपली राणी ध्रुवदेवी शकाधिपतीच्या स्वाधीन करण्यास तयार होतो, आणि धाकटा भाऊ चंद्रगुप्त तिच्या वेषानें जाऊन शकाला मारतो. बाणाच्या हर्षचरितांत शकवधाचा उल्लेख आहे. तरीही गुप्तांच्या वंशावळींत रामगुप्ताचें नांव नसल्यामुळें हा राजा कवीच्या डोक्यांतून निघालेला आहे असें मानणारा पक्ष प्रबळ होता. पुढें माळव्यांत त्या नांवाचीं तांब्याचीं नाणीं सांपडलीं, व १९६९ मध्यें विदिशेजवळ दुर्जनपूर येथें तीन जैन मूर्ति मिळाल्या. त्यांवरील लेखांत महाराजाधिराज रामगुप्त असें स्पष्ट आहे. आतां रामगुप्त 'होता' असें म्हणण्यास आधार झाला. पण काय होता? महाराजाधिराज होता, त्याच्या काळीं जिनमूर्ति घडल्या, एवढेंच. राणीला शत्रूच्या हवालीं करण्याची गोष्ट त्या मूर्तींवर नाहीं. ती नाटकांत 'आहे'. एका नोंदींत दोन काळ, आणि त्यांच्या मधली रेघ स्वच्छ. ही रेघ टांचणांत नाहीं. तेथें दुर्जनपूरचा लेख व ध्रुवदेवीचा प्रसंग एकाच वाक्यांत 'होता' या एका क्रियापदानें बांधले आहेत.

आमचा या बाबतींतील आग्रह वाजवीपेक्षां अधिक आहे असें कोणास वाटल्यास त्याचें कारण सांगून टाकतों. आम्ही शाळेंत असतांना एका विद्यार्थ्यानें इतिहासाच्या पेपरांत सिंहगडाच्या लढाईचें कारण म्हणून कमळकुमारीचा वृत्तांत लिहिला. ही बाई 'गड आला पण सिंह गेला' या हरिभाऊंच्या कादंबरींत आहे. आमच्या पाहण्यांतील कोणत्याही समकालीन साधनांत नाहीं. कादंबऱ्या वाचून इतिहास लिहितोस काय, असें वर्गांत सर्वांदेखत बोलून आम्हीं त्याचे गुण कापले. मुलानें मान खालीं घातली. बोलला कांहीं नाहीं. दोन वर्षांनीं एक माहितीवजा पुस्तिका आमच्या हातीं आली. तींत 'कमळकुमारी ही रजपूत स्त्री होती' येथून आरंभ करून सर्व हकीकत भूतकाळांत दिली होती, कादंबरीचें नांव कोठेंच नव्हतें. मुलानें कादंबरी वाचलीच नव्हती. तोंवर तो शाळा सोडून गेला होता व आम्हांस त्याची गांठ घेतां आली नाहीं.

पोथ्या जमविणाऱ्या वाचकांस या वादांत काय स्वारस्य, असें विचारलें जाईल. आमच्या मतें त्यांचेंच सर्वांत अधिक. 'घडलें' असें लिहिलें कीं पुढचा प्रश्न येतो, खरेंच घडलें काय. आणि कल्पित गोष्टींत त्याला उत्तर नाहीं. 'घडतें' असें लिहिलें कीं पुढचा प्रश्न येतो, कोठें घडतें. आणि त्याचें उत्तर पोथींत असतें. शाकुंतलाच्या तिसऱ्या अंकांत दुष्यंत व शकुंतला यांचें संभाषण गौडीय पाठांत लांब आहे, देवनागरी पाठांत आखूड. तेव्हां दुष्यंत तेथें काय म्हणाला हा प्रश्न व्यर्थ. कोणत्या पाठांत काय म्हणतो हा प्रश्न सार्थ. वर्तमानकाळ कोशकाराला पाठ सांगावयास भाग पाडतो, आणि भूतकाळ त्याला तें टाळूं देतो.

टांचणें तांबड्या शाईच्या खुणांसह परत गेलीं असून संपादकांनीं पहिलीं चाळीस नव्यानें लिहिण्याचें मान्य केलें आहे. त्यांत चारुदत्ताचें असेल. त्याबाबत एक गोष्ट आम्हीं पत्रांत लिहावयास विसरलों, ती येथें लिहितों. दहाव्या अंकाच्या शेवटीं चारुदत्ताची पत्नी धूता अग्निप्रवेशाची तयारी करते, तो भाग मागाहून घातलेला असल्याचें अभ्यासकांनीं दाखविलें आहे. टांचणांत तो निःशंकपणें 'तिनें अग्निप्रवेशाची तयारी केली' असा आला आहे. हा प्रसंग गाळूं नये. परंतु तो कोणत्या छापील प्रतींतून अथवा पोथींतून घेतला तें त्याच वाक्यांत सांगावें. आणि ज्यांच्या संग्रहीं मृच्छकटिकाची दहावा अंक पुरा असलेली जुनी पोथी असेल त्यांनीं तीत हा भाग आहे कीं नाहीं एवढें या त्रैमासिकाच्या पत्त्यावर कळवावें.